‘कई चोपडी छे?’ : वडोदऱ्याच्या अपडाउनवाल्यांसाठी पुस्तकाच्या कव्हरांची पारख

वडोदरा ते अहमदाबाद हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रोज अपडाउन करणाऱ्याचे जाऊन-येऊन चार तास तरी गाडीत जातात, म्हणजे आठवड्याला एक जाडजूड कादंबरी हातावेगळी व्हायला हरकत नाही. ती होत नाही. बाजवा मागे पडतं न पडतं तोच समोरच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘कई चोपडी छे?’ (कोणतं पुस्तक आहे?), आणि महीचा पूल येईपर्यंत पुस्तक मांडीवर उपडं पडलेलं असतं.

म्हणून इथे कव्हरं पारखताना धूळ हा निकष धरलेला नाही. धुळीपासून सगळीच कव्हरं वाचवतात. कव्हर चढवल्यावर आजूबाजूची माणसं काय करतात, तेवढंच पाहायचं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : नाव झाकलं की लोक विचारायचे थांबतात हा भ्रम आहे. झाकलेलं पुस्तक उघड्यापेक्षा जास्त प्रश्न ओढतं. कव्हराने फक्त प्रश्न बदलतो, तेव्हा कोणता प्रश्न आपल्याला परवडतो ते ठरवून कव्हर घ्यायचं.

आधी, कोण कुठून वाचतं ते बघू. मेमूत, म्हणजे विजेवरच्या लोकलसारख्या गाडीत, बाकं समोरासमोर असतात. उघडं पुस्तक छातीशी उभं धरलं की समोरच्याला मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकदमच दिसतात. त्याला नाव, किंमत, लेखकाचा फोटो आणि मागचा मजकूर सगळं वाचून होतं आणि तुम्ही अजून पहिल्या परिच्छेदात असता. शेजारी बसलेला आतलं पान वाचतो. दांडी धरून उभा असलेला वरून वाचतो, आणि त्याला पान उलटायची घाई आपल्यापेक्षा जास्त असते. पुस्तक मिटलं की कणा उरतो. मराठी पुस्तकांच्या कण्यावर नाव कधी वरून खाली छापतात, कधी खालून वर. त्यामुळे बघणाऱ्याची मान आधी एका खांद्याकडे कलते, तिकडून जमत नाही म्हटल्यावर दुसऱ्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून ही दुसरी हालचाल दिसली की समजावं, आता विचारणार.

वडोदऱ्यात त्याआधी लिपी बोलते. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे देवनागरी नाव चार फुटांवरूनही वेगळं उठून दिसतं. पहिला अंदाज हिंदीचा. मग एखादं ‘आहे’ किंवा ‘च्या’ नजरेला पडतं आणि ‘तमे मराठी?’ येतं, जुना माणूस असेल तर ‘दक्षिणी’ म्हणेल. पुढचा प्रश्न, पुण्याचे की मुंबईचे. ‘इथलेच, दांडिया बाजारातले’ या उत्तराचं नवल फक्त बाहेरून आलेल्याला वाटतं. मुरलेला बडोदेकर गुजराती असला तरी तिथून पुढे स्वतःच मराठीत शिरतो, आणि बऱ्याचदा चांगलं बोलतो. हा प्रश्न मुळीच वाईट नाही. एवढ्यासाठी कव्हर घेऊ नका.

कव्हर लागतं ते विषयामुळे. शेअर बाजारावरचं पुस्तक गुजरातेतल्या गाडीत उघडं धरणं म्हणजे सभा बोलावणं आहे : एक जण टिप मागतो, दुसरा देतो, आणंदपर्यंत चार मोबाइलांवर चार आलेख उघडलेले असतात. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग असलं काही मुखपृष्ठावर दिसलं की काढे, वैद्य आणि पथ्यं सुरू होतात. त्यात आपुलकी असते, म्हणून ते मध्येच तोडताही येत नाही. राजकीय नेत्याच्या चरित्राला दोनच प्रतिसाद, फार गोड किंवा फार तिखट. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक तिशीच्या आतल्या हातात असेल तर आशीर्वाद, तिशीनंतर असेल तर ‘अजून?’ एवढा एकच शब्द, कधी नुसत्या भुवयांनी. पोथी मात्र जागा करून देते. लोक पाय आखडून घेतात, पिशवी उचलतात, आवाज उतरवतात. हे लक्षात ठेवा, कापडाचा रंग निवडताना कामाला येणार आहे.

आता एकेक कव्हर.

खाकी कागद सगळ्यात स्वस्त, आणि नीट घातला तर एक पुस्तक संपेपर्यंत सहज टिकतो. डबल क्राउनचा ताव वीस बाय तीस इंचांचा असतो. मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ. कणा इंचभराचा धरला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच आत मोडायला ठेवून रुंदी अठरा इंच लागते, आणि वर-खाली दीड-दीड इंच दुमडायला धरून उंची साडेअकरा. एका तावात दोन कव्हरं निघतात, वर सात इंचांची पट्टी उरते. चकचकीत बाजू बाहेर ठेवा. आधी वरची-खालची दुमड बोटाच्या नखाने पक्की मोडायची, पुस्तक मग ठेवायचं. उलट क्रमाने केलं की कागद तिरका बसतो आणि पहिल्याच दिवशी कोपरा वर येतो. कण्याच्या दोन्ही टोकांना दुमडीत छोटा त्रिकोणी काप द्या, नाहीतर तिथे चार पदर जमतात, पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि आठवड्यात कागद नेमका त्याच जागी फाटतो. चिकटपट्टी कागदाला कागद जोडायला वापरा, पुट्ठ्याला कधीच नाही.

लोकांच्या दृष्टीने खाकी कागद म्हणजे शाळा. शाळेचं कव्हर मोठ्या माणसाच्या हातात दिसलं की दोनच तर्क निघतात : हे शिक्षक आहेत, नाहीतर काहीतरी लपवतायत. पहिला तर्क करणारा मुलाच्या गणिताविषयी विचारतो. दुसरा काहीच विचारत नाही, पण आतलं पान दिसेल अशा बेताने सरकून बसतो, आणि तो जास्त त्रासाचा. शिवाय पान उलटताना कागद करकरतो, त्यामुळे डुलकी लागलेलाही एकदा बघतोच. पावसाळ्यात खाकी कागद दमट होऊन लोंबतो, घामाच्या बोटांचे डाग उमटतात. जून ते सप्टेंबर विसरा.

काही जण वर्तमानपत्राचं कव्हर घालतात. त्यांनी हे करून बघितलेलं दिसत नाही. समोरचा माणूस आता तुमचं कव्हरच वाचायला लागतो. बातमी मलपृष्ठावर वळली की मानही वळते, आणि तिचा शेवट आत दुमडलेला असेल तर तो पुस्तक जरा इकडे करायला सांगतो. वर शाई बोटांना लागते ती वेगळीच.

ऑनलाइन मिळणारी रेडीमेड कापडी कव्हरं दिसायला देखणी असतात, आत बोटभर रिबिनीची खूण, कडेला पेन अडकवायचा फासा. अडचण मापाची. बहुतेकांवर ‘ए-५’ लिहिलेलं असतं. ए-५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. डेमी पुस्तक भरतं १४० बाय २१६. रुंदीला आठ मिलिमीटर जास्त आणि उंचीला सहा कमी, म्हणजे पुट्ठा खिशात जातच नाही. दाबून घातला तर वरच्या कडेला कायमची वळी पडते. जपानी पद्धतीची कव्हरं तर आणखी लहान. तिकडची बुंको नावाची खिशातली पुस्तकं ए-६ मापाची, १०५ बाय १४८ मिलिमीटर, आणि तिथल्या दुकानांत पुस्तक घेतलं की ‘कागदी कव्हर घालू का’ असं विचारायची रीत आहे. म्हणूनच गाडीत कोण काय वाचतंय याचा तिकडे पत्ता लागत नाही. ती कव्हरं आपल्या कादंबरीला घालणं म्हणजे बाळाचं झबलं बापाला. मागवायच्या आधी आतल्या खिशाची उंची विचारा. २२० मिलिमीटरच्या खाली असेल तर घेऊ नका. आणि पेनचा फासा असलेलं तर नकोच. पेन दिसलं की कुणीतरी मागतं, पेन परत आलं की गप्पा सुरू होतात.

राहिलं शिंप्याकडून शिवून घेतलेलं कव्हर, आणि आमची पसंती त्यालाच. कापड मंगळबाजारात किंवा लहेरीपुऱ्याच्या आसपास घ्या, शिवायला गल्लीतला कोणताही शिंपी चालतो, फक्त माप कागदावर लिहून द्या. डेमीसाठी रुंदीचा हिशोब असा : साडेपाचचे दोन पुट्ठे अकरा, कणा एक, दोन खिसे तीन-तीनचे सहा, कण्यात पाव इंच सैल, शिलाईत दोन्हीकडे अर्धा-अर्धा. एकूण सव्वाएकोणीस इंच. उंची साडेआठ, पाव सैल, शिलाई एक, पावणेदहा. छत्तीस इंच पन्ह्याच्या एका मीटरात असे सहा तुकडे बसतात, अस्तरासकट तीन कव्हरं. पण हे कागदावरचं गणित झालं. सुती कापड, त्यातून खादी, पाण्यात पडल्यावर शेकडा पाच टक्के आटलं की मीटरची लांबी साडेसदतीस इंचांच्याही खाली येते आणि दोन तुकड्यांना लागतात साडेअडतीस. सव्वा मीटर घ्या. रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापू द्या. न भिजवता शिवलेलं कव्हर पहिल्या धुण्यानंतर अर्धा इंच आखूड होतं, आणि ते पुस्तक उघडं वाचायची वेळ येते.

खिसा दोन इंचांपेक्षा कमी ठेवला तर पुट्ठा सटकतो, चारपेक्षा जास्त ठेवला तर कागदी बांधणीचं पुस्तक आत घालताना वाकतं. तीन ठीक. शिंपी हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे खिसा उलट्या बाजूला दुमडणं. खिसा कापडाच्या सुलट बाजूवर दुमडायचा, त्यावर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवायचं, वर-खाली शीव मारायची, तीन इंच उघडं सोडायचं आणि तिथून सगळं उलटून काढायचं. हे तोंडी सांगून डोक्यात जात नाही; जुनं कव्हर किंवा कागदाचा नमुना हातात द्या. दुसरी चूक म्हणजे कडक बकरम, म्हणजे ताठपणासाठी आत घालतात ते खळीचं कापड, एकसंध घालणं. मग कणा वाकत नाही आणि पुस्तक मासळीच्या तोंडासारखं अर्धवट उघडं राहतं. बकरम पातळ घ्या, दोन पुट्ठ्यांपुरतंच कापा, कण्याची पट्टी मोकळी सोडा.

एकाच कव्हरात दीडशे पानांचं आणि चारशे पानांचं अशी दोन्ही पुस्तकं बसवायची असतील तर डावीकडचा खिसा शिवून टाका, उजवीकडचा नाही. उजवीकडे कापड दोन इंच जास्त ठेवा आणि वरपासून खालपर्यंत इलॅस्टिकची उभी पट्टी शिवून घ्या; पुस्तक पातळ असेल तेवढं कापड आत दुमडून पट्टीखाली सारायचं. इलॅस्टिक अर्ध्या इंचाचं. पाव इंचाचं वळतं आणि पुट्ठ्यावर रेघ उठवतं.

रंगाचं आता. वडोदऱ्यात लाल कापड घेताना दोनदा विचार करा. लाल कापडात बांधलेलं पुस्तक इथे पहिल्यांदा हिशोबाच्या चोपड्याची आठवण देते, दिवाळीला पूजन होतं तो. समोरचा तुम्हाला व्यापारी समजतो आणि ‘शेनो धंधो?’ विचारतो. त्यातून सुटका शेअर बाजाराच्या पुस्तकापेक्षा अवघड. भगवं कापड पोथीचं. मघाशी सांगितलेला सगळा मान मिळतो, जागा मिळते, शांतता मिळते. आत रहस्यकथा असेल आणि शेजारच्या आजीबाई पुस्तकाला हात लावून नमस्कार करायला लागल्या, तर तुम्ही काय कराल हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही भगवा सुचवत नाही. काळं डायरीसारखं दिसतं. डायरीत माणूस लिहितो, वाचत नाही, म्हणून लोक बघत राहतात. करड्या किंवा गडद निळ्या साध्या कापडाला सगळ्यात कमी प्रश्न येतात, पण येतो तो थेट पुस्तकावर येतो.

आमच्या मते सगळ्यात उपयोगी आजरख, कच्छचं ठशांचं काम. त्याच्यावर नजर गेली की नजर कापडावरच थांबते, आणि प्रश्न येतो, ‘आ क्यांथी लीधुं?’ ‘मंगळबाजार.’ फार तर भाव विचारतील. अर्ध्या मिनिटात संपतं, दोन्ही बाजूंना बरं वाटतं, आतल्या विषयापर्यंत कुणी पोचत नाही. बांधणीही चालते, पण तिच्या उठावदार गाठींवर घाम आणि धूळ बसते. दोन्हींचा एक दोष : रंग. आजरखातली निळ आणि लाल दोन्ही सुरुवातीला सुटतात, त्यातही निळ नुसत्या घासण्यानेही लागते. ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा चोळून पाहा. रुमाल रंगला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, आणि अस्तर पांढऱ्या मादरपाटाचंच लावा, आजरखाचं नको. नाहीतर पांढऱ्या मुखपृष्ठावर निळ्या ढगांची छपाई फुकट मिळेल.

ई-रीडर घेणाऱ्यांची समजूत असते की आता नावच नाही तर विचारणार काय. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळू लागली, तेव्हापासून ही समजूत मराठी वाचकांतही आहे. विचारतात, किंमत विचारतात. मग चार्जिंग किती दिवस चालतं, यात सिनेमा दिसतो का, मुलाच्या अभ्यासाला घ्यावं का. लहान पोर शेजारी असेल तर बोट पडद्यावर येतंच आणि पान पुढे जातं. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले कव्हर’ चालू असेल तर यंत्र झोपवल्यावर वाचत असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पडदाभर झळकतं. २०२१ पासून ही सोय आहे. ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते नाव तुम्ही डुलकी काढत असताना समोरच्याला निवांत वाचायला मिळतं. डिव्हाइस ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. अक्षर मोठं ठेवायची सवय असेल तर दोन पायऱ्या कमी करा. मोठं अक्षर शेजाऱ्याला जास्त सोयीचं पडतं, आणि शाईसारखा पडदा बाजूनेही स्वच्छ दिसतो, मोबाइलसारखा काळवंडत नाही.

मोबाइलवर वाचणाऱ्याला कुणी काहीच विचारत नाही, रील बघतोय असं धरून चालतात. प्रायव्हसी ग्लास, म्हणजे बाजूने बघणाऱ्याला पडदा काळा दाखवणारी काच, लावायची तर चारी बाजूंची घ्या. दोन बाजूंची काच मोबाइल आडवा केला की निकामी होते.

लायब्ररीच्या पुस्तकांना बहुतेकदा कशाचीच गरज नसते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्या शहरात लायब्ररी-बाइंडिंग काय असतं ते सांगायला नको : मूळ मुखपृष्ठ गेलेलं, वर मातकट रेक्झिन, कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी आणि पुसट झालेली सोनेरी अक्षरं. असल्या पुस्तकाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, बघितलं तर आदराने. मूळ मुखपृष्ठ शाबूत असलेलं नवं पुस्तक मिळालं तरच कव्हर घाला, आणि तेही कापडीच. कागदाची चिकटपट्टी क्रमांकाच्या चिठ्ठीला लागली तर ती सोबत घेऊनच निघते, आणि दंड तुमच्या नावावर.

धरायचं कसं, हेही कव्हराइतकंच महत्त्वाचं. पुस्तक छातीशी उभं न धरता मांडीवरच्या पिशवीवर टेकवून तिरकं ठेवा. समोरच्याला फक्त वरची कड दिसते. खिडकीशी बसलात तर कणा खिडकीकडे. एकट्या बाईला गाडीत विचारलेला ‘काय वाचताय?’ हा पुष्कळदा पुस्तकाविषयीचा प्रश्नच नसतो, त्याला कोणतंही कव्हर उपयोगी नाही. लेडीज डबा, किंवा गाणं न लावता कानात घातलेले इअरफोन, यांचा जास्त उपयोग होतो. आणि खरंच कुतूहलाने विचारणारा भेटला तर कव्हराचा एक खिसा सोडवून मुखपृष्ठ दाखवायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यासाठी उजवा खिसा पट्टीचा ठेवायचा.

कव्हर महिन्यातून एकदा साध्या साबणाने हाताने धुवा, मशीनमध्ये बकरम चुरगळतं. लायब्ररीचं पुस्तक परत करताना खिसे तपासून घ्या. रेल्वेचा पास ठेवायला ती जागा फार सोयीची असते, आणि पास तिथेच राहून जातो.